27 वर्षांपूर्वीचा फसलेला हेअर ट्रान्सप्लांट: आता दुरुस्त होऊ शकतो का?

चाळकरी | 16 जून, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. इथला जुना वाचक आहे, लिहायला मात्र आज पहिल्यांदाच बसलोय. विषय असा आहे की घरातही कधी मोकळेपणाने बोललो नाही.

वय 53, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टात. 1998 साली, सव्विसाव्या वर्षी, उपनगरातल्या एका क्लिनिकमध्ये ट्रान्सप्लांट करून घेतला. ते क्लिनिक केव्हाच बंद झालं. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, फोटो पाठवला की पुढे उत्तरच यायचं नाही. डोक्याच्या मागून तुरीच्या डाळीएवढे गोल तुकडे काढायचे आणि पुढे भोकं पाडून त्यात बसवायचे, अशी ती पद्धत होती. तीन बैठका झाल्या. पहिली पाच-सहा वर्षं बरी गेली, कारण मधेमधे माझे स्वतःचे केस होते. ते गेले आणि लावलेले झुपके उघडे पडले. माझं आजोळ रोह्याजवळचं. भाताची लावणी झाल्यावर आवण कसं दिसतं, एक चूड, मग पाणी, मग पुढची चूड, तसं माझं कपाळावरचं डोकं दिसतं.

2009 मध्ये दुसऱ्या ठिकाणी पट्टी पद्धतीने, म्हणजे मागून कातडीची पट्टी कापून, पुन्हा केलं. 'मधल्या जागा भरून देतो' म्हणाले. त्यांनी झुपक्यांच्या मागे केस लावले, पुढची ओळ तशीच ठेवली. वर मागे कानापासून कानापर्यंत एक व्रण आला. सगळ्यात रुंद जागी माझ्या करंगळीचं नख त्यात मावतं.

आज लिहायचं कारण सांगतो. गेली वीस वर्षं केस कापणारे आमचे काका गावी गेले. परवा त्यांच्या जागी नवा मुलगा होता. त्याने पुढून कंगवा फिरवला, तो एका उंचवट्याला अडकला. त्याने अंगठ्याने चाचपून बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं, "काका, इथे काही लागलं होतं का?" शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही बघायला लागला. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण घरी येईपर्यंत घशाशी आवंढा होता. त्यात पाऊस सुरू झालाय. केस भिजले की सगळं उघड होतं. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत छत्री असूनही मी टोपी घालतो.

तीन ठिकाणी दाखवून आलो. एक म्हणाले, 3000 ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावायचे केसांचे गुच्छ) लावू, सगळं झाकलं जाईल. दुसरे म्हणाले, पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची) सहा इंजेक्शनं घ्या. तिसरे म्हणाले, या वयात हात लावू नका. कोणाचं खरं धरू? पुढचे झुपके काढता येतात का? मागच्या व्रणाचं काय करायचं? पुढच्या मेमध्ये मुलीचं लग्न आहे, तोपर्यंत काही होईल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

*

शुभदा_ठाणे | 16 जून, रात्री 11.25

दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या मिस्टरांचं असंच आहे, 2001 चं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी डोक्याला तेल लावू दिलं नाही. आधी वाटायचं, माझ्यावर राग आहे की काय. मागच्या वर्षी ते तापाने पडले होते तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवताना मला ते उंचवटे हाताला लागले. तेव्हा कुठे बोलले. घरच्यांपासून लपवू नका एवढंच सांगते. वहिनींना बहुतेक माहीत असेलच.

धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आम्हालाही हीच माहिती हवी आहे.

*

कट्टेकरी | 17 जून, सकाळी 8.05

या लोकांवर ग्राहक मंचात केस ठोका. सोडू नका.

*

वकीलपाडा | 17 जून, सकाळी 9.30

कट्टेकरी, तुमची चीड समजते, पण इथे ते जमायचं नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग सवलत देऊ शकतं, पण 1998 आणि 2009 च्या बाबतीत आशा धरू नये. डॉक्टरांवर कागदपत्रं ठेवायचं बंधन आहे तेही तीन वर्षांचं.

चाळकरींनी नव्या उपचारात मात्र हे लक्षात ठेवावं: तुमचे वैद्यकीय कागद लेखी मागितले तर डॉक्टरांनी ते 72 तासांत द्यायचे असतात. पहिल्या दिवसापासून सगळं लेखी घ्या. किती झुपके काढले, किती ग्राफ्ट लावले, कोणी लावले, भूल कोणती आणि किती दिली.

*

डॉ_ओवी | 17 जून, दुपारी 3.15

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया स्वतः करत नाही, पण असे रुग्ण नेहमी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुम्ही अमुकच करा असं मी म्हणणार नाही.

तुमच्या डोक्यावर जे आहे त्याला पंच ग्राफ्ट किंवा प्लग म्हणतात; पंच म्हणजे कातडीचा गोल तुकडा काढायचं पोकळ पातं. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 मध्ये दाखवून दिलं की मागच्या भागाचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच टिकतात. आजचा सगळा ट्रान्सप्लांट त्याच शोधावर उभा आहे. अडचण तुकड्याच्या आकाराची होती. 4 मिलिमीटरच्या एका प्लगमध्ये दहा-वीस केस एकत्र येतात. निसर्गात केस एक ते चारच्या गुच्छात उगवतात, त्याला फॉलिक्युलर युनिट म्हणतात, आणि कपाळाच्या अगदी कडेला तर एकेकटेच असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे गुच्छ सुटे करून लावायची पद्धत 1990 च्या दशकात आली, पण सगळीकडे पोचायला वेळ लागला. तुम्ही त्या मधल्या काळात सापडलात. यात तुमची काहीही चूक नाही.

आता दुरुस्ती. तुम्हाला तीन वेगळी दुखणी आहेत. पुढचे प्लग, मागचे व्रण, आणि अजूनही हळूहळू गळत असणारे तुमचे मूळ केस. 3000 ग्राफ्ट सांगणाऱ्यांनी तिन्हींवर एकच औषध दिलंय, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. डोक्याच्या मागे चांगल्या अवस्थेत दर चौरस सेंटिमीटरला साधारण 65 ते 85 युनिट असतात. तुमचे तीन वेळा पंचने आणि एकदा पट्टीने गेलेत. जे उरलेत ते आयुष्यभराचे आहेत, नवे तिथे उगवत नाहीत. ते मोजल्याशिवाय आकडा सांगणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नका.

प्लग काढता येतात. आणि बहुतेक वेळा आधी काढायचे किंवा विरळ करायचे असतात, नवे नंतर लावायचे असतात. जाड झुपक्यांसमोर बारीक केसांची ओळ लावली तर एखाद-दोन मिलिमीटर लपतं, पण तुमची ओळ आधीच खाली असेल तर नवी ओळ आणखी खाली सरकते. साठीत ती फार खटकेल. म्हणून पंचने प्लगचा बराचसा भाग काढून घेतात, कडेला थोडे केस ठेवतात आणि भोकाला एक-दोन टाके घालतात. काढलेला तुकडा फेकायचा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून सुटे युनिट काढून त्याच दिवशी परत लावता येतात, त्यामुळे तुमचं काही वाया जात नाही. एक ओळच्या ओळ फार खाली असेल तर ती कापून शिवतातही. दुसरा मार्ग एफयूईचा: एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचने प्लगमधून एकेक युनिट उचलायचं. टाके लागत नाहीत, पण प्लगभोवतीचा घट्ट व्रण मुळांना वेडंवाकडं ओढून धरतो, त्यामुळे मुळं तुटायचं प्रमाण वाढतं. हात बसलेला लागतो.

लेझरबद्दल कोणी सुचवलं तर: लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतं. 53 व्या वर्षी पुढचे केस पांढरे असतील तर ते जाणार नाहीत, इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे विजेने मूळ जाळून, जातील. आणि दोन्हींत तो केस कायमचा वाया. तुमच्यासारख्या कमी शिल्लक असलेल्या माणसाला मी आधी ते सांगणार नाही.

पीआरपीने प्लग जात नाहीत आणि व्रणही भरत नाही. तुम्हाला नको असलेल्या गोष्टीचे पैसे भरू नका.

राहिले मूळ केस. फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम ही गोळी आणि मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधांचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करा. फिनास्टेराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी येतात, ते आधी नीट समजून घ्या. आणि तुमच्या वयाला महत्त्वाचं म्हणजे या गोळीने पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा जवळपास निम्मा दिसतो. प्रोस्टेटची तपासणी कराल तेव्हा गोळी चालू असल्याचं सांगायला विसरू नका.

*

चाळकरी | 17 जून, रात्री 9.50

डॉक्टर, 'यात तुमची काहीही चूक नाही' हे वाक्य मी तीनदा वाचलं. 27 वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. मनापासून आभार.

पुढचे निम्मे केस पांढरे आहेत, रंग लावतो. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. आमच्या मंडळाच्या शिबिरात दरवर्षी रक्तदान करतो, त्याचा काही संबंध?

*

डॉ_ओवी | 17 जून, रात्री 10.30

आहे. फिनास्टेराइड चालू असताना रक्तदान करायचं नाही, शेवटच्या गोळीनंतर एक महिना जाऊ द्यावा लागतो. ते रक्त गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलाच्या गर्भाला धोका असतो. बीपीची गोळी सर्जनला सांगा, स्वतःहून बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन घेत असाल तर तेही सांगा.

*

सातरस्ता | 18 जून, रात्री 12.20

मी केलंय. वय 49, प्लग 1997 चे, दुरुस्ती तीन वर्षांपूर्वी मुंबईतच. क्लिनिकचं नाव इथे लिहिणार नाही, पण काय काय झालं ते सगळं सांगतो, कारण मला सांगणारं कोणी नव्हतं.

मी आधी चूक केली होती. प्लग न काढता 2014 मध्ये पुढे 1200 ग्राफ्ट लावले. काही महिने बरं वाटलं. मग लक्षात आलं की समोरून बारीक केस आहेत पण उजेड बाजूने पडला की मागचे प्लग टेकड्यांसारखे सावली टाकतात. कातडीच वर आलेली असते, केसांनी ती झाकत नाही. 1200 ग्राफ्ट गेले ते गेलेच.

दुरुस्तीच्या वेळी डॉक्टरांनी पहिल्या भेटीत तासभर फक्त बघितलं. दुर्बिणीने मागची जागा चौकोन आखून मोजली. केस ओले करून फोटो काढले, कारण कोरडे केस खोटं बोलतात असं ते म्हणाले. मग आरसा हातात देऊन विचारलं, "यातले तीन झुपके दाखवा ज्यांचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतो." मी बोट ठेवलं. तेवढ्यापासूनच सुरुवात केली. त्या दिवशी एक प्लग काढून टाका घातला आणि सहा आठवड्यांनी या म्हणाले. व्रण कसा भरतो, गाठ धरते का, डाग पांढरा पडतो का ते बघायला. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरा डाग लगेच दिसतो, काहींना केलॉइड, म्हणजे व्रणाची वाढत जाणारी गाठ, होतो. ही एका प्लगची चाचणी केल्याशिवाय पंधरा-वीस प्लगना हात लावू देऊ नका.

मग पहिली मोठी बैठक, 14 प्लग. सुयांच्या वेळी कपाळावर कळ येते, नंतर काही नाही. फक्त आवाज येतो. व्रणातून पंच जाताना कच्चा पेरू चावल्यासारखा बारीक करकर आवाज येतो, तो मला अजून आठवतो. काढलेले तुकडे थंड सलाइनच्या वाटीत ठेवले होते. मधे पाणी प्यायला उठलो तेव्हा सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या मुलीने मला बोलावून दाखवलं. पंचवीस वर्षं कपाळावर वागवलेला झुपका त्या काचेवर सुटा होऊन पडला होता, सहा बारीक युनिट, मुळांना पांढुरकी चरबी लागलेली. म्हणाली, "काका, हे सगळे चांगले आहेत, परत लावणार." 14 प्लगमधून 90 च्या आसपास युनिट मिळाले. मी खुर्चीत बसून रडलो हो.

टाके दहाव्या दिवशी निघाले. चार महिने थांबलो. मग दुसरी बैठक: उरलेले 9 प्लग विरळ केले आणि पुढे 700 युनिट, सगळ्यात पुढे फक्त एककेसी, पुढच्या बाजूला झुकवून. जुने प्लग सरळ उभे लावले होते, म्हणून ते ब्रशसारखे दिसायचे.

लावलेले केस महिन्याभरात गळून पडतात, घाबरू नका, मूळ आत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येतात, खरं रूप दिसायला वर्ष जातं. म्हणून लग्नाचं स्पष्ट सांगतो. मेपर्यंत प्लग काढून होतील आणि कपाळ सपाट होईल. नव्या केसांचं पूर्ण रूप तोपर्यंत येणार नाही. जो कोणी येईल म्हणतो त्याला विचारा, कसं.

आज मी कसा दिसतो? पुढे केस विरळ आहेत, माझ्या वयाच्या टक्कल पडत चाललेल्या माणसासारखे. तेवढंच हवं होतं मला.

*

रानवारा | 18 जून, सकाळी 7.45

दुसरी बाजू मांडतो. मी सगळं क्लिपरने बारीक केलं आणि एसएमपी करून घेतलं, म्हणजे टाळूवर केसांच्या खुंटांसारखे रंगाचे ठिपके. माझा पट्टीचा व्रण होता, तो आता दोन फुटांवरून दिसत नाही. तीन बैठका, कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिस. काही वर्षांनी रंग फिका पडतो, पुन्हा ठिपके द्यावे लागतात. चाळकरी, या वयात पुन्हा ऑपरेशन कशाला?

*

सातरस्ता | 18 जून, सकाळी 9.10

रानवारा, तुमचा व्रण सपाट होता म्हणून जमलं. चाळकरींच्या पुढे उंचवटे आहेत. रंगाने रंग झाकतो, उंची झाकत नाही. केस बारीक केले तर उलट ते जास्तच दिसतील. प्लग काढल्यावर, कातडी सपाट झाल्यावर मागच्या व्रणासाठी एसएमपी हा उत्तम मार्ग आहे, त्याला माझी पूर्ण सहमती.

*

रानवारा | 18 जून, सकाळी 9.40

हे मान्य. पुढच्या उंचवट्यांचा मी विचार केला नव्हता. एक भर घालतो: व्रणात रंग पसरू शकतो, म्हणून आधी नाण्याएवढ्या जागेत करून बघायचं आणि काही आठवडे थांबायचं. आणि साध्या टॅटूवाल्याकडे अजिबात नको, सुई खोल गेली की ठिपक्याचा निळसर डाग होतो.

*

डॉ_ओवी | 18 जून, दुपारी 2.00

मागच्या व्रणाबद्दल काल लिहायचं राहिलं. करंगळीच्या नखाएवढा रुंद म्हणजे सेंटिमीटरच्या जवळपास. तो कापून पुन्हा शिवता येतो. त्यात एका कडेची कातडी वरून किंचित छाटतात, म्हणजे केस व्रणातूनच उगवतात, त्याला ट्रायकोफायटिक पद्धत म्हणतात. पण टाळू सैल असेल तरच. ताण पडला तर तो पुन्हा रुंदावतो आणि तुम्ही होता तिथेच. सर्जन दोन्ही हातांनी टाळू वरखाली सरकवून बघतील.

दुसरा मार्ग, त्या व्रणातच केस लावणं. व्रणात रक्तपुरवठा कमी, म्हणून विरळ लावायचे, सहा-आठ महिन्यांनी पुन्हा थोडे. त्यासाठी जबड्याखालच्या दाढीचे केस वापरता येतात, डोक्यावरची शिल्लक वाचते. दाढीचा केस जाड असतो, तो मागे किंवा टाळूवर चालतो, कपाळाच्या कडेला कधीच लावू देऊ नका.

*

अनघ_25 | 18 जून, संध्याकाळी 6.30

माझं वय 25, पुढचे कोपरे गेलेत. पवईत एका ठिकाणी बुकिंग केलंय, पुढच्या आठवड्यात 4000 ग्राफ्ट एका दिवसात. हा धागा वाचून पोटात गोळा आला. आताची पद्धत वेगळी आहे ना? मला असं होणार नाही ना?

*

चाळकरी | 18 जून, रात्री 10.15

अनघ, तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतो. झुपके होणार नाहीत, ती पद्धत गेली. पण माझं खरं नुकसान झुपक्यांनी सुरू झालं नाही. माझे केस पुढे किती गळणार आहेत हे कोणी विचारलंच नाही आणि सव्विसाव्या वर्षी सतरा वर्षांच्या मुलाची ओळ आखून दिली, तिथून ते सुरू झालं. मागचे केस एकदा पुढे आले की पंचेचाळिशीत काय उरेल, हे तुझ्या डॉक्टरांना विचार. उत्तर पटलं नाही तर आगाऊ भरलेले पैसे सोडून दे. मी त्याच्या कितीतरी पट जास्त पैसे ते लपवण्यात घालवलेत.

*

डॉ_ओवी | 18 जून, रात्री 11.00

अनघ, बुकिंग पुढे ढकल आणि आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग ओपीडी आहे, तिथे तुला काही विकायचं नसतं. पंचविशीत आधी सहा महिने ते वर्षभर औषधं घेऊन गळती किती थांबते ते बघतात.

शस्त्रक्रिया कोण करणार हेही विचार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण हेअर ट्रान्सप्लांट सुरू करायला पुरेसं नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येते. 2019 मध्ये याच मुंबईत ट्रान्सप्लांटनंतर एका माणसाचा जीव गेला होता. अ‍ॅलर्जीची गंभीर प्रतिक्रिया आली तर सांभाळायची सोय तिथे आहे का, हे विचारायला संकोच करू नकोस.

*

अनघ_25 | 19 जून, सकाळी 8.20

रद्द केलं. आईला पण सांगितलं. नायरला सोमवारी जातोय.

*

चाळकरी | 6 जुलै, रात्री 9.30

मंडळी, दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

पहिली, बायकोला सांगितलं. शुभदाताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं. म्हणाली, तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोलले नाही. मग बराच वेळ दोघं गॅलरीत बसून होतो.

दुसरी, परळला एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं. तेही केस ओले करूनच बसले, सातरस्ता, तुमचीच आठवण आली. पुढे 31 प्लग मोजले. मागे वापरता येतील असे अंदाजे 900 ते 1000 युनिट, बाकीच्याला हात लावला तर मागून विरळ दिसेल. म्हणजे ते 3000 ग्राफ्ट माझ्याकडे नव्हतेच. ते कुठून काढणार होते देव जाणे, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

ठरलं असं. एक प्लग चाचणीला. गणपतीनंतर 16 प्लग, दिवाळीनंतर उरलेले. नवे केस त्यानंतर. मागचा व्रण सगळ्यात शेवटी, टाळू घट्ट असल्यामुळे कापून शिवणार नाहीत. फिनास्टेराइडबद्दल विचार करतोय, पीएसए आधीच करून घेतली. यंदाच्या शिबिरात रक्त देऊन मग गोळी सुरू करीन.

*

शुभदा_ठाणे | 6 जुलै, रात्री 10.05

दादा, डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडेही भेट ठरवली आहे. एक विचारते, ऑपरेशनच्या आधी रंग लावायचा की नाही? यांचे बहुतेक सगळे पांढरे आहेत.

*

डॉ_ओवी | 7 जुलै, दुपारी 1.30

शुभदाताई, पांढऱ्या केसाचं मूळ पारदर्शक असतं, ते उचलताना आणि सुटं करताना नीट दिसत नाही. म्हणून अनेक सर्जन दोन-तीन दिवस आधी काळा रंग लावून यायलाच सांगतात. पण ज्या रंगाची सवय आहे तोच लावा, नव्याची अ‍ॅलर्जी त्या वेळी नको. नंतर कधी लावायचा ते खपल्या पडल्यावर सर्जनच सांगतील.

*

चाळकरी | 21 सप्टेंबर, सकाळी 11.15

16 प्लग निघाले. काल टाके काढले. दहा दिवस रजा घेतली होती, लोकलच्या गर्दीत कोणाचा कोपर लागायला नको म्हणून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरली होती, तशी उतरते असं आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. 16 मधून 104 युनिट मिळाले, ते तिथेच मागे विरळ लावले. चाचणीच्या प्लगच्या जागी फिकट ठिपका आहे, गाठ नाही.

उजवीकडे अजून 14 उरलेत आणि डावीकडे कपाळ सपाट आहे, त्यामुळे सध्या चेहरा विचित्र दिसतो. तरी रोज सकाळी दाढी करताना हात आपोआप डावीकडे जातो. अंगठा सरळ फिरतो, कुठे अडकत नाही.

लेकीला फोटो दाखवला. तिने विचारलं, "बाबा, दुखलं का?" मग म्हणाली, लग्नात फेटा बांधायचा तर बांधा, नाहीतर राहू दे, फोटोग्राफरला मी काही सांगणार नाही.

सातरस्ता, एक विचारायचं होतं. टाक्यांच्या जागी सकाळी खाज येते, तुम्हाला किती दिवस येत होती? आणि खोबरेल तेल कधीपासून लावलंत?

*

सातरस्ता | 21 सप्टेंबर, दुपारी 12.40

अभिनंदन हो! खाज मला तीन-एक आठवडे होती. नखं लावू नका, फारच वाटलं तर सलाइनचा स्प्रे मारा. लाली वाढली किंवा पू दिसला तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तेल मी महिन्याने सुरू केलं, डॉक्टरांना विचारूनच. पहिल्यांदा बायकोने लावलं.